बाहीखालचे गोंदण

या सदरात आपण उपवासाच्या पारण्यापासून वृद्धांच्या गुडघेदुखीपर्यंत अनेक घरगुती विषयांचा विचार केला आहे. या वेळचा विषय काही ज्येष्ठ वाचकांस खटकेल, याची जाणीव ठेवूनच लिहीत आहे. आपल्या घरांतील तरुण मुले-मुली मनगटावर, दंडावर, मानेमागे टॅटू काढून घेऊ लागली आहेत. धाराशिव, कळंब, उमरगा, तुळजापूर येथून शिक्षणासाठी पुण्याला किंवा सोलापूरला गेलेला मुलगा सुटीत घरी येतो आणि ऐन वैशाखात त्याच्या शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढलेली असते. चार दिवसांनी कपडे भिजवताना आईला त्या बाहीवर पिवळसर डाग दिसतो. मग घरात जे व्हायचे ते होते.

टॅटू काढावा की काढू नये, हा या लेखाचा विषय नाही. देहाच्या शृंगाराविषयी साधू-साध्वींनी काय सांगितले आहे ते सर्वांना ठाऊक आहे आणि घरातील वडीलधाऱ्यांचे मतही सहसा गुप्त नसते. माझे म्हणणे एवढेच की, नवा टॅटू ही एक ताजी जखम असते आणि लपवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा अधिक चिघळते. रागवायचे असेल तर महिनाभराने रागवावे. तोपर्यंत त्या हाताची काळजी घरातल्या सर्वांनी घ्यावी. ती कशी घ्यावी, हे मुलांइतकेच थोरांनाही ठाऊक असणे आवश्यक आहे.

वास्तविक गोंदण आपल्या भागाला नवे नाही. येरमाळ्याच्या चैत्री यात्रेला किंवा तुळजापूरला जाणाऱ्या वयोवृद्ध स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर, कोपरापासून मनगटापर्यंत हिरवट निळे ठिपके आजही दिसतात. आपल्या समाजातील काही आजींच्या हातांवरही ते आढळतील. (काजळी काळी असते, पण कातडीखालून ती निळसर दिसते.) गोंदणारीण दारात येई, काजळी कालवून घेई, दोन-तीन सुया एकत्र बांधून टोचत जाई आणि काम झाले की वर हळद व तेल लावून निघून जाई. हात सुजे, काहींचा पिकतही असे. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र त्या काळी एक गोष्ट बरी होती. घरातील बहुतेक वडीलधाऱ्या स्त्रियांचे हात त्यातून गेलेले असल्याने सुजलेला हात दाखवायला मुलीला संकोच वाटत नसे. आजच्या मुलाला तोच संकोच सर्वांत अधिक वाटतो.

आजच्या यंत्राचा इतिहास व्यापारी वाचकांना रंजक वाटावा. १८७६ साली थॉमस एडिसन यांनी विजेवर चालणाऱ्या एका लेखणीचे पेटंट घेतले. कचेऱ्यांतील पत्रांच्या व कागदपत्रांच्या नकला काढण्यासाठी ती होती. तिची सुई कागदाला बारीक छिद्रे पाडी आणि त्या छिद्रांतून शाई दाबून एकासारख्या एक प्रती निघत. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली यांनी त्याच कल्पनेवर आधारलेल्या गोंदणयंत्राचे पेटंट मिळवले. पेढीवरील कागदासाठी जन्मलेली सुई अशी पंधरा वर्षांत माणसाच्या कातडीवर आली.

ही सुई काय करते, ते समजून घेतले तर पुढील सर्व पथ्ये आपोआप पटतात. आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झडत आणि नवा होत असतो. त्यात शाई घातली तर ती महिना-दीड महिन्यात निघून जाईल. म्हणून शाई त्याखालच्या थरात, साधारणतः एक ते दोन मिलिमीटर खोल सोडावी लागते. तळहाताएवढ्या चित्रासाठी अशी हजारो छिद्रे पडतात. प्रत्येक छिद्र म्हणजे जंतूंना मिळालेली एक वाट होय. शरीर या शाईकडे परका पदार्थ म्हणूनच पाहते. रक्षक पेशी तिचे कण गिळून टाकतात. पण ते पचत नाहीत, त्यामुळे पेशी रंगासह तेथेच राहतात. फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले की, अशी पेशी मेली की तिच्यातून सुटलेला रंग शेजारची नवी पेशी गिळते आणि चित्र जागच्या जागी टिकते. हे प्रयोग उंदरांवर झाले, ही गोष्ट आपल्याला रुचणारी नाही; परंतु टॅटू लेसरने पुसणे इतके कष्टाचे आणि खर्चाचे का असते, याचे उत्तर त्यातून मिळते. काढण्यापेक्षा पुसण्याचा खर्च अधिक, हा हिशेब आपल्या मुलांना आधीच सांगून ठेवावा.

वरची जखम साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत भरून येते. आतील त्वचा पूर्ववत होण्यास दोन-तीन महिने लागू शकतात. पहिले दोन-तीन दिवस जागा लाल, गरम व किंचित सुजलेली राहते आणि उन्हाने भाजल्यासारखी दुखते. पारदर्शक पाणी, थोडे रक्त आणि शाई झिरपते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पातळ पापुद्रे सुटू लागतात आणि त्यांत रंगाचे कण दिसतात. चित्र निघून चालले, असे समजून घाबरण्याचे कारण नाही. याच सुमारास खाज सुटते आणि हीच खरी परीक्षा होय. खाजवू नये, पापुद्रा ओढू नये, खपली उचलू नये. ओढलेल्या खपलीबरोबर रंग निघतो आणि व्रण राहतो तो कायमचा. फारच खाज आली तर वरून स्वच्छ हाताने हलकेच थोपटावे, किंवा स्वच्छ कापडात गुंडाळलेला गार पाण्याचा पेला जवळच्या कोरड्या त्वचेला लावावा.

आता पहिल्या दिवसाविषयी. सोलापूरहून धाराशिवला येण्याचे अंतर सुमारे सत्तर किलोमीटर आहे आणि टॅटू काढून मुलगा बहुधा मोटारसायकलवर किंवा एस.टी.ने त्याच दिवशी परततो. रस्त्याची धूळ, घाम, गर्दीत होणारे घासणे यांपासून संरक्षण व्हावे म्हणून कारागिराने लावलेले आच्छादन प्रवासभर राहू द्यावे. ते साधे प्लॅस्टिकचे असेल तर काही तासांनी, घरी पोहोचताच काढून टाकावे. त्याखाली घाम साचतो आणि तीच ओल जंतूंना हवी असते. काही ठिकाणी औषधी चिकटपट्टीसारखे पारदर्शक आवरण लावतात. ते काही दिवस ठेवता येते, पण कडा सुटल्या किंवा आत पाणी शिरले तर तेही काढावे.

धुण्याचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. अनेक ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही. हौदात, टाकीत, पिंपात आठ-आठ दिवस साठवलेले पाणी आपण वापरतो. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीचे, हे पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते. असे पाणी ताज्या जखमेवर घालणे योग्य नाही. सुदैवाने पाणी गाळून, उकळून वापरण्याची रीत आपल्या अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. पिण्यासाठी उकळून निवविलेले तेच पाणी झाकलेल्या स्वच्छ भांड्यात वेगळे काढून ठेवावे आणि जखमेसाठी वापरावे; दिवसाला दोन तांबे पुरतात. मुलगा बाहेरच्या मोरीत चोरून हात धूत असेल, तर त्याला हे पाणी मिळणार नाही. ते स्वयंपाकघरात असते, आणि तेथपर्यंत जायचे तर आईला सांगावे लागते.

आधी हात साबणाने धुवावेत. मग कोमट पाणी आणि सौम्य, बिनवासाचा साबण बोटांनी हलकेच फिरवून टॅटू दिवसातून दोनदा धुवावा. घासणी, स्पंज, खरखरीत पंचा वापरू नये. घरातल्या सर्वांचा मिळून असलेला टॉवेल तर मुळीच नको. धुतलेल्या सुती फडक्याने किंवा कागदी रुमालाने टिपून घ्यावे आणि पाच-दहा मिनिटे उघडे ठेवून वाळू द्यावे. नंतर बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर अगदी पातळ लावावे. तळहाताएवढ्या जागेला हरभऱ्याच्या दाण्याएवढे पुरते. जाड थर लावला तर त्वचा ओली राहते आणि खपल्या भिजून सुटतात. रात्री अंथरुणाला धुतलेली सुती चादर असावी व टॅटू दाबला जाईल अशा कुशीवर झोपू नये.

स्नान चालते, बुडून राहणे चालत नाही. म्हणजे बादलीने अंघोळ करावी, पण विहिरीत पोहणे, तलाव, पोहण्याची टाकी हे सारे जखम पूर्ण मिटेपर्यंत वर्ज्य. पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यातील नर-मादी धबधबा पाहायला मुलांच्या टोळ्या जातात. पाहावा, अंगावर पाणी घेऊ नये. पायाच्या घोट्यावर किंवा पावलावर टॅटू असेल तर तो अधिक सावकाश भरतो, कारण पादत्राणाने घासला जातो. त्या महिन्यात कुंथलगिरीची वंदना अनवाणी पायांनी करण्याचा संकल्प पुढे ढकलावा.

दुकानात बसणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण इतरत्र मिळणाऱ्या सूचना बहुधा वातानुकूलित कचेरीत काम करणाऱ्यांसाठी असतात. मोंढ्यातील आडत दुकानात सोयाबीन, तूर, उडदाचा हंगाम चालू असला की हवेत बारीक धूळ भरलेली असते. ती ओल्या जखमेवर चिकटते. किराणा दुकानात मिरचीपूड व हळद मोजणाऱ्या हाताला टॅटू असेल तर त्या जळजळीचे वर्णन करण्याची गरज नाही. सिमेंटचा धंदा असेल तर काळजी दुप्पट घ्यावी. ओल्या त्वचेवर सिमेंट क्षारयुक्त होऊन साधी कातडीसुद्धा भाजते, तेथे उघड्या जखमेचे काय होईल? कापड दुकानात धूळ कमी, पण कोऱ्या कापडाची खळ आणि तंतू असतात. गादीवर बसून लोडाला कोपर टेकवण्याची सवय असणाऱ्याने तो लोड काही दिवस दुसऱ्या बाजूला घ्यावा. शक्य असल्यास पहिला आठवडा वहीकामावर किंवा फोनवरील ऑर्डरी घेण्यावर बसावे. माल हाताळण्याचे काम भावाकडे द्यावे. अर्थात भावाला कारण ठाऊक असेल तरच तो हे काम घेईल.

ऊन हा दुसरा शत्रू. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुचाकीवर हात सतत उन्हात असतात. ताज्या टॅटूवर ऊन पडल्यास त्वचा भाजते व रंग फिका पडतो. जखम मिटेपर्यंत त्यावर सनस्क्रीन लावू नये. सैल, धुतलेल्या सुती कापडाने झाकावे. म्हणजे पूर्ण बाहीचा शर्ट योग्यच आहे, पण तो सैल आणि सुती असावा. लपवण्यासाठी घातलेला घट्ट नायलॉनचा शर्ट घामाने चिकटतो, वाळतो आणि काढताना खपली घेऊन येतो. चिकटलाच तर ओढू नये, उकळून निवविलेल्या पाण्याने भिजवून सोडवावा.

आता घरगुती उपायांविषयी. आपल्याकडे जखम म्हटली की हळद. स्वयंपाकघरातील हळद उत्तम असेल, पण ती निर्जंतुक नसते. तिच्यात धूळ आणि बुरशीचे कण असू शकतात, बाजारातील पुडीत भेसळही असू शकते, आणि काहींच्या त्वचेला तिचे वावडे असते. गोंदणारीण ती लावीत असे, हे खरे. तिच्याजवळ दुसरे काही नव्हते, हेही खरे. टूथपेस्ट, चुना, तंबाखू, विड्याच्या पानाचा रस, राख यांपैकी काहीही लावू नये. तीव्र जंतुनाशक द्रवही नको, त्याने नवी येणारी नाजूक कातडी जळते.

याहून मोठा धोका औषधाच्या दुकानात असतो. मेडिकल स्टोअर पुष्कळदा आपल्याच नात्यातल्या कोणाचे तरी असते. मुलगा तेथे जाऊन खाज आणि लाली सांगतो, टॅटू सांगत नाही, आणि काउंटरवरून गजकर्णासाठी विकली जाणारी तीन औषधांच्या मिश्रणाची ट्यूब घेऊन येतो. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. त्याने लाली व खाज दोन दिवसांत कमी होते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात जखम भरण्याची क्रिया मंदावते आणि जंतूंना मोकळीक मिळते. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय अशी ट्यूब लावू नये. औषधविक्रेते असलेल्या वाचकांना विनंती की, लांब बाहीतील तरुण अशी ट्यूब मागू लागला तर त्याला बाही वर करायला सांगावे.

आपल्या वाचकांचा आणखी एक प्रश्न असतो, तो घटकांचा. काही काळ्या शाईत प्राण्यांची हाडे जाळून केलेला कोळसा वापरलेला असतो, काहींत खनिज तेलापासून मिळवलेली काजळी असते. शाई ज्या द्रवात मिसळतात त्यातील ग्लिसरीन प्राणिज चरबीचे असू शकते किंवा वनस्पतिजन्य. काहींत लाखेचा अंश असतो. केवळ नावावरून हे ओळखता येत नाही. ‘व्हीगन’ असे लिहिलेल्या शाया मिळतात. मूळ बाटलीवरील मजकूर वाचूनच निर्णय करावा. नंतर लावायच्या मलमांतही हीच अडचण आहे. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतील मेद. ‘बीजवॅक्स’ म्हणजे मधमाश्यांचे मेण. काही मलमांत मध किंवा माशाच्या यकृताचे तेल असते. पेट्रोलियम जेली खनिजजन्य आहे आणि ती अगदी पातळ लावल्यास चालते. काही क्रीमांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका असतो, त्याने निवड सोपी होते. अहिंसेचा नियम कडकपणे पाळणाऱ्या घरातील मुलाने चोरून आणलेल्या ट्यूबवरील बारीक अक्षरे बहुधा वाचलेली नसतात. आजी मात्र ती भिंग लावून वाचते.

जखम बिघडत आहे, हे कसे ओळखावे? लक्षात ठेवायची खूण एकच. चांगली जखम दिवसागणिक कमी दुखते, कमी लाल होते. बिघडणारी जखम तिसऱ्या दिवसानंतर अधिक दुखते, अधिक लाल होते आणि लाली चित्राबाहेर पसरत जाते. पिवळा-हिरवा पू, दुर्गंधी, ताप, थंडी वाजणे, हातावरून काखेकडे जाणारी लाल रेघ, काखेत गाठ येणे यांपैकी एक जरी दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रात्री ताप चढला तर सकाळची वाट पाहू नये. धाराशिव येथील शासकीय रुग्णालय रात्रीही उघडे असते. मधुमेह असणाऱ्याने, किंवा ज्याला जखम झाल्यावर जाड वण उठण्याची प्रवृत्ती आहे त्याने मुळात आधीच वैद्यकीय सल्ला घ्यायला हवा होता; घेतला नसेल तर आता घ्यावा. केवळ एखाद्याच रंगाच्या रेषा, विशेषतः लाल रंगाच्या, उंच उठून खाजत असतील तर ते बहुधा शाईचे वावडे असते. हे कित्येक महिन्यांनीही उद्भवू शकते आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञच लागतो.

बिघाड नेहमी आपल्या निष्काळजीपणानेच होतो असेही नाही. २०११ च्या अखेरीस अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात टॅटू काढून घेतलेल्या १९ जणांच्या टॅटूवर तीन आठवड्यांच्या आत लालसर, उठावदार पुरळ आले आणि ते जाईना. तपासात दोष शाईत निघाला. आधीच पातळ करून विकल्या जाणाऱ्या करड्या शाईच्या न उघडलेल्या बाटलीतही क्षयाच्या जंतूंच्या कुळातील, पण पाण्यात व मातीत आढळणारा एक जंतू सापडला. अशा संसर्गावर नेहमीची औषधे चालत नाहीत, वेगळी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. म्हणून तीन आठवड्यांनंतरही पुरळ राहिले, तर ‘घामोळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. आणि डॉक्टरांना टॅटूची तारीख अचूक सांगावी.

डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिले तर आपल्या घरांत दोन अडचणी निघतात. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. आणि सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असेल तर रात्रीची मात्रा चुकते. दोन्ही गोष्टी डॉक्टरांसमोर पहिल्याच भेटीत बोलाव्यात. अनेक औषधे गोळीच्या किंवा द्रवाच्या रूपात मिळतात, आणि काहींची मात्रा दिवसातून एकदा किंवा दोनदाच असते. वेळा त्याप्रमाणे बसवता येतात. मनाशीच ठरवून रात्रीची गोळी गाळणे, किंवा बरे वाटताच औषध अर्ध्यावर सोडणे, हे दोन्ही घातक आहे. दीर्घ उपवास चालू असेल तर तेही सांगावे.

मंदिराचा प्रश्नही येथेच येतो. वाहती जखम असताना अभिषेक, प्रक्षाल किंवा पूजा करू नये, असा नियम आपल्या अनेक घरांत पाळला जातो. रोज वडिलांबरोबर मंदिरात जाणारा मुलगा टॅटू लपवतो तेव्हा त्याची दुहेरी कोंडी होते: पूजेला नाही म्हणावे तर कारण विचारतील, आणि करावी तर मन खाते. पापुद्रे गळून त्वचा कोरडी, अखंड होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन आठवडे, त्याने दूरूनच दर्शन घ्यावे आणि वडिलांनी ते समजून घ्यावे.

मुलाने टॅटू यात्रेत किंवा बाजारात रस्त्याच्या कडेला काढला असेल, तर केवळ जखम भरल्याने निश्चिंत होऊ नये. बॅटरीवर चालणारे यंत्र, एकच सुई, एकाच वाटीतील शाई आणि पाठोपाठ बसणारी माणसे, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा सुईतून कावीळ-ब, कावीळ-क आणि एचआयव्ही यांचे विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात. सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून काढली होती का, शाई वेगळ्या लहान कपात घेतली होती का, हातमोजे नवे होते का, हे त्याला शांतपणे विचारावे. उत्तर ‘नाही’ किंवा ‘आठवत नाही’ असे असेल तर लगेच डॉक्टरांना भेटावे. कावीळ-ब आणि धनुर्वात यांच्या लशी घेतलेल्या आहेत की नाहीत हे पाहून ते पुढे काय करायचे ते ठरवतील. रक्ततपासणी किती दिवसांनी आणि पुन्हा केव्हा करायची हेही तेच सांगतील. आरडाओरड झाली तर मुलगा ‘सुई नवी होती’ एवढेच म्हणतो आणि विषय संपतो. तपासणी मात्र राहून जाते.

यावर तोडगा म्हणून काही घरांत ‘त्यापेक्षा काळी मेंदी काढ’ असे सुचवले जाते. खरी मेंदी तांबूस रंगते. काही मिनिटांत गडद काळी रंगणाऱ्या मेंदीत केसांच्या कलपातील रसायन मिसळलेले असते आणि त्याने त्वचेवर फोड येऊन डाग राहू शकतात. तेव्हा हा उपाय टॅटूहून सौम्य आहे, असे समजू नये.

धार्मिक अक्षरांविषयी मात्र माझे मत लिहितो. णमोकार मंत्र हातावर कोरून घेण्यामागे श्रद्धा असते, याविषयी शंका नाही. परंतु ती अक्षरे पुढे पंधरा दिवस पापुद्रे होऊन उशीवर आणि मोरीत गळत असतात, पुढे आयुष्यभर ती सर्व ठिकाणी, सर्व अवस्थांत आपल्याबरोबर येतात. शिवाय शाई वर्षांगणिक त्वचेत किंचित पसरते. देवनागरीतील मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे दाट लिहिलेली असतील तर ती एकमेकांत मिसळून वाचता येईनाशी होतात. मला तरी मंत्राची जागा जिभेवरच बरी वाटते. ज्यांनी कोरून घेतला आहे, त्यांनी जखम इतरांसारखीच सांभाळावी; मंत्राच्या अक्षरांनाही जंतू ओळखत नाहीत.

शेवटी रक्तदान. महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने गावोगावी आपल्या संघांतर्फे रक्तदान शिबिरे होतात आणि हीच तरुण मुले त्यांत पुढे असतात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टॅटू काढल्यानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. विषाणूचा संसर्ग झाला असल्यास तो सुरुवातीच्या काळात तपासणीत दिसत नाही, म्हणून ही अट आहे. शिबिरातील अर्जावर टॅटूविषयी स्पष्ट प्रश्न असतो. वडील शेजारी उभे आहेत म्हणून तेथे ‘नाही’ लिहिणारा मुलगा ज्या रुग्णाला ते रक्त जाणार त्याचा जीव धोक्यात घालतो. चैत्रात टॅटू काढला असेल तर पुढच्या चैत्रात तारीख मोजून पाहावी. बारा महिने भरण्यास चार दिवस कमी पडत असतील, तर नोंदणीच्या टेबलावर बसून नावे लिहून घ्यायला माणूस लागतोच.